चार बोटांचं अंतर

(माहितीपटाचं निवेदन. पहाट. रेल्वे यार्ड. डिझेलचा धूर, साखळ्यांचा खणखणाट.)

हा माणूस उलटा चालतोय. मागे काय आहे ते न बघता, दोन्ही हात वर धरून, एकेक पाऊल मागे. समोर साठ टनांहून जड रणगाडा, लेपर्ड-२. आत बसलेल्या चालकाला डब्याच्या कडा दिसत नाहीत. त्याला दिसतात हे दोन हात. तळवा डावीकडे झुकला की डावीकडे, मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं. रणगाड्याची रुंदी पावणेचार मीटर आणि मालगाडीचा सपाट डबा त्याहून अरुंद. म्हणून दोन्ही बाजूंचे पट्टे डब्याबाहेर डोकावतात. एवढ्या अवजड यंत्राचा सगळा भरवसा त्या दोन तळव्यांवर.

लिथुआनिया. शेश्तोकाय. पोलंडची सीमा इथून जवळच आहे.

आता कॅमेरा खाली, रुळांवर. पोलंडकडून आलेल्या रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. पुढे लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनियात पसरलेल्या जुन्या जाळ्याचं अंतर १,५२० मिलिमीटर. फरक ८५ मिलिमीटरचा. हाताची चार बोटं जोडून धरली की जेमतेम तेवढा. पण या चार बोटांपायी गाडी इथे थांबते आणि रणगाडे एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर चढवावे लागतात. दोन्ही मापं एकाच मार्गावर बसवायची तर तीन रूळ पुरत नाहीत, कारण रुळाचा पाया ८५ मिलिमीटरपेक्षा रुंद असतो. मग चार रूळ टाकावे लागतात. पडद्यावर दिसतायत ते तेच.

हे माप आलं झारच्या रशियातून. शत्रूच्या गाड्या आत येऊ नयेत म्हणून रशियाने मुद्दाम रुंद रूळ घातले, ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. खरी हकिगत साधी आहे. मॉस्को–सेंट पीटर्सबर्ग मार्गासाठी जॉर्ज वॉशिंग्टन व्हिसलर या अमेरिकी अभियंत्याने पाच फुटांचं माप सुचवलं आणि तेच पुढे रूढ झालं. लिथुआनियातले रूळ मात्र नंतर खरोखरच सैन्यांच्या तालावर हलले. पहिल्या महायुद्धात जर्मन आले, रूळ जवळ सरकले. सोव्हिएत सैन्य आलं, रूळ लांब गेले. १९४१ साली जर्मन परत आले, पुन्हा जवळ. १९४४ साली सोव्हिएत परतले, पुन्हा लांब. ज्याचं सैन्य, त्याचं माप.

आज हा देश युरोपीय संघात आहे आणि नाटोतही. संघाच्या २७ देशांपैकी २३ देश नाटोचेही सदस्य आहेत. ऑस्ट्रिया, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस तेवढे बाहेर. एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, हे नाटोचं पाचवं कलम सगळ्यांच्या तोंडी असतं. संघाच्या करारातही तसंच एक कलम आहे, ४२ (७). एका सदस्यावर सशस्त्र आक्रमण झालं, तर बाकीच्यांनी आपल्या हाती असेल त्या सर्व साधनांनिशी त्याला मदत करायची. हे कलम आजवर एकदाच वापरलं गेलं. पॅरिसमधल्या हल्ल्यांनंतर, नोव्हेंबर २०१५ मध्ये, फ्रान्सने ते पुकारलं.

हाती असेल ती साधनं पाठवायची खरी. पण ती पोहोचायची कशी? घोडं अडलंय ते इथे, या चार बोटांत.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पॅरिस. सभागृह.)

साऱ्या युरोपचं एक सैन्य असावं, ही कल्पना आजची नाही. ऑक्टोबर १९५० मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान रने प्लेवाँ यांनी ती मांडली. महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. कोरियात युद्ध पेटलं होतं आणि पश्चिम जर्मनीला पुन्हा शस्त्रं द्या, असा अमेरिकेचा तगादा होता. जर्मन सैनिक हवेत, पण जर्मन सैन्य नको, हा फ्रान्सपुढचा पेच. प्लेवाँ यांनी त्यावर काढलेला तोडगा असा, की जर्मन सैनिक युरोपीय सैन्यात घ्यायचे, युरोपीय गणवेशात. २७ मे १९५२ रोजी सहा देशांनी पॅरिसमध्ये करारावर सह्या केल्या. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग.

या सह्यांकडे नीट बघा. शाई वाळली, कागद दप्तरी गेला आणि दोन वर्षं गेली. तेवढ्यात स्टालिन वारला. कोरियात युद्धविराम झाला. व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फू इथे फ्रेंच सैन्याचा पाडाव झाला. भीती ओसरली आणि जखमी स्वाभिमान वर आला. ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेत करार आला. त्यावर धड चर्चासुद्धा झाली नाही. चर्चाच नको, अशा प्रस्तावावर मतदान झालं. ३१९ विरुद्ध २६४. विरोधकांनी जागेवर उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं. ज्यांनी कल्पना जन्माला घातली, त्यांनीच तिच्या नरड्याला नख लावलं. पुढच्याच वर्षी, मे १९५५ मध्ये, पश्चिम जर्मनी थेट नाटोत गेली. ज्या गोष्टीला टाळायचा एवढा खटाटोप चालला होता, ती घडलीच.

त्यानंतर चार दशकं हे घोंगडं भिजत पडलं.

(सारायेवो. गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंती. सध्याचं दृश्य: गस्तीवरची गाडी.)

युगोस्लाव्हिया फुटू लागला तेव्हा, १९९१ साली, ही युरोपची वेळ आहे असं लक्झेंबर्गचे परराष्ट्रमंत्री जाक पूस म्हणाले होते. त्या वेळेचं काय झालं, ते या भिंतींवर आहे. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि मुलगे मारले गेले.

(इथे निवेदन थांबवावं. दफनभूमीचं दृश्य पूर्ण जाऊ द्यावं.)

४ डिसेंबर १९९८. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावरचं सें-मालो, तटबंदीचं बंदर. ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि फ्रान्सचे अध्यक्ष जाक शिराक यांनी संयुक्त घोषणा केली. वेळ आलीच तर युरोपला स्वतःच्या बळावर लष्करी कारवाई करता आली पाहिजे. संघाच्या आजच्या समाईक सुरक्षा आणि संरक्षण धोरणाची नाळ इथे आहे. गंमत अशी की या घोषणेवर सही करणारा एक देश आता संघातच नाही.

पुढच्या वर्षी, हेलसिंकीत, संघाचं उद्दिष्ट ठरलं. साठ दिवसांत पन्नास ते साठ हजार सैनिक उभे करायचे आणि वर्षभर टिकवायचे. आकडा झकास होता. प्रत्यक्षात २००३ साली मॅसिडोनियात सुमारे साडेतीनशे सैनिक गेले. त्याच उन्हाळ्यात काँगोतल्या बुनियात फ्रान्सच्या पुढाकाराने मोहीम गेली, नाटोच्या मदतीशिवाय गेलेली पहिलीच. डिसेंबर २००४ पासून बोस्नियाची राखण संघाकडे आहे. सुरुवातीला सात हजार जवान होते. तुम्ही बघताय ती गस्त त्याच मोहिमेची, अल्थिया तिचं नाव. वीस वर्षं उलटून गेली तरी ती चालूच आहे.

आणि १,५०० सैनिकांच्या त्या प्रसिद्ध तुकड्या, बॅटलग्रुप? २००७ पासून पाळीपाळीने सज्ज ठेवल्या गेल्या. एकदाही रवाना झाल्या नाहीत. दर वेळी कुणाचा तरी नकार, कुणाची तरी निवडणूक, नाहीतर खर्च कुणी उचलायचा यावर वाद. परराष्ट्र आणि संरक्षणातले निर्णय एकमताने घ्यायचे असतात. सत्तावीसांपैकी एकाने मान हलवली नाही की गाडं रुततं. युक्रेनच्या मदतीसाठीचे सहा अब्ज युरोंहून अधिक असेच एकट्या हंगेरीच्या हरकतीवर अडून राहिले.

(स्पेन. कादिझचा किनारा. लाटांतून येणाऱ्या होड्या, हेलिकॉप्टर.)

ऑक्टोबर २०२३. ही दृश्यं सरावाची आहेत. नऊ देशांचे सुमारे २,८०० जवान, संघाचा पहिलाच प्रत्यक्ष मैदानी सराव. युक्रेनवर आक्रमण झालं त्याच्या पुढच्या महिन्यात, मार्च २०२२ मध्ये, संघाने ठरवलं की पाच हजारांपर्यंतचं तातडीचं दल हवं. त्याची ही रंगीत तालीम.

होड्या छान दिसतात. पण शेजारी एकमेकांवर खरोखर विसंबतात ते कुठे, हे बघायचं तर समुद्रकिनारा सोडून उत्तर जर्मनीत, बेर्गन-लोहाइडेच्या छावणीत जायला हवं.

(छावणी. कार्यशाळा. दोन वेगळे गणवेश, एकच रणगाडा.)

२०११ साली नेदरलँड्सने पैसे वाचवण्यासाठी आपले उरलेसुरले रणगाडे सेवेतून काढून टाकायचं ठरवलं. सैन्याला ते झोंबलं. रणगाडे चालवायचं कसब एकदा गेलं की ते परत यायला पिढी जाते. मग शेजाऱ्याशी बोलणं झालं. २०१६ साली ४१४ क्रमांकाची बटालियन उभी राहिली. जर्मन बटालियन, पण तिच्यात एक डच कंपनी, सुमारे शंभर जवान. रणगाडे जर्मनीचे, माणसं दोन्हीकडची. हा वंगणाने माखलेला हात कुणाचा आहे, ते बाहीवरचा झेंडा दिसेपर्यंत कळत नाही. २०२३ पर्यंत डच भूदलाच्या तिन्ही ब्रिगेड जर्मन डिव्हिजनना जोडल्या गेल्या. ज्या देशाने १९४० साली रॉटरडॅम बेचिराख होताना पाहिलं, त्याचं भूदल आज जर्मन डिव्हिजनमध्ये आहे. आता नेदरलँड्सने स्वतःचे ४६ लेपर्ड घ्यायचं ठरवलंय. ते चालवता येतील, कारण कसब शेजारच्या घरी जपून ठेवलं होतं.

बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या नौदलांचंही तेच. डेन हेल्डरच्या बंदरातून एकच मुख्यालय दोन्ही नौदलांची जहाजं हलवतं. फ्रिगेट या युद्धनौकांची देखभाल डच बघतात, सुरुंगशोधक नौकांची बेल्जियन. लक्झेंबर्गकडे लढाऊ विमानच नाही. त्याच्या आकाशाची राखण हे दोघे पाळीपाळीने करतात.

याला म्हणायचं समाईक संरक्षण. मला तरी घोषणापत्रांपेक्षा हेच पटतं. आपल्याकडची एक गोष्ट सोडून द्यायची आणि ती शेजारी सांभाळेल म्हणून निर्धास्त राहायचं.

(कारखाना. लालबुंद पोलाद, प्रेस, लेथ.)

आता पोलाद. दांडा कापतात, लाल होईपर्यंत तापवतात, प्रेसखाली दाबून पोकळ करतात, लेथवर तासतात. मग त्यात वितळलेली स्फोटकं ओततात आणि सावकाश थंड होऊ देतात. घाई केली तर आत भेगा पडतात. १५५ मिलिमीटरचा गोळा, वजन चाळीस किलोंहून जास्त. मार्च २०२३ मध्ये युरोपने युक्रेनला शब्द दिला होता, वर्षभरात दहा लाख गोळे. वर्ष संपलं तेव्हा निम्मेच पोहोचले होते. दहा लाखांचा आकडा गाठेपर्यंत २०२४ सरत आलं.

आणि गोळा एका मापाचा असला तरी तोफा एका घरच्या नाहीत. इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी संघासाठी लिहिलेल्या सप्टेंबर २०२४च्या अहवालात याची नोंद आहे. युरोपने युक्रेनला १५५ मिलिमीटरच्या दहा तऱ्हांच्या तोफा दिल्या. रणगाड्यांचे प्रकार युरोपात बारा, अमेरिकेत एक. प्रत्येक देशाला आपला कारखाना प्यारा. बारा प्रकारांचे सुटे भाग म्हणजे बारा गोदामं.

(महामार्ग. पुलाखालून जाणारा ट्रेलर.)

उरला रस्ता. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघाच्या लेखापरीक्षकांनी सैन्याच्या ये-जा करण्यावर अहवाल दिला. रणगाडे एका देशातून शेजारच्या देशात जायचे होते. ठरलेल्या मार्गावरच्या पुलाला ते वजन झेपणार नव्हतं, म्हणून लांबचा वळसा घ्यावा लागला. एका सदस्य देशात तर परक्या सैन्याला हद्द ओलांडायची तर ४५ दिवस आधी कळवावं लागतं. दीड महिना! आक्रमण करणारा दीड महिना आधी अर्ज करत नाही. २०२१ ते २०२७ या काळासाठी पूल, रूळ, बंदरं मजबूत करायला १.६९ अब्ज युरो ठेवले होते. ९५ प्रकल्पांत ते २०२३ संपेपर्यंत वाटून झाले आणि पेटी रिकामी झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने नवा प्रस्ताव मांडला. शांततेच्या काळात परवानगी तीन दिवसांत, आणीबाणीत सहा तासांत. दुरुस्त करायच्या पाचशे जागाही हेरून ठेवल्यात.

खर्च वाढतोय. २०२१ साली संघाच्या देशांचा संरक्षणखर्च २१८ अब्ज युरो होता, २०२४ साली ३४३ अब्ज. युरोपीय आयोगाच्या मार्च २०२५च्या योजनेत आठशे अब्जांचा आकडा आहे, त्यात १५० अब्जांची कर्जं. हे पैसे शाळा-दवाखान्यांतून जाणार का, आयर्लंड-ऑस्ट्रियाच्या तटस्थतेचं पुढे काय आणि आफ्रिकेतल्या मालीत तिथल्या सैन्याला अकरा वर्षं प्रशिक्षण देऊनही २०२४ साली संघाला तिथून गाशा का गुंडाळावा लागला, हे प्रश्नही आहेत.

(पुन्हा शेश्तोकाय. दुपार.)

तालिन, रीगा, कौनास आणि पुढे पोलंडची सीमा. ८७० किलोमीटरचा नवा मार्ग, रेल बाल्टिका, सगळा १,४३५च्या मापाचा. सीमेपासून कौनासपर्यंत त्या मापाचे रूळ २०१५ सालीच पोहोचले. पुढचं काम चालू आहे. सुरुवातीला सहा अब्ज युरोंच्या आत बसेल म्हटलेलं काम आता चोवीस अब्जांच्या घरात गेलंय. पहिल्या टप्प्यासाठी २०३० साल सांगितलं जातं.

तोवर काम असंच. तोफेची नळी मागे वळवून अडकवलेली. पट्ट्यांखाली लाकडी पाचरी. चार कोपऱ्यांत चार साखळ्या, प्रत्येक साखळी पुन्हा एकदा हाताने ओढून बघितलेली. साखळ्या तपासल्याची खूण फळीवरच्या कागदावर, शेजारी सही.

शेवटचा रणगाडा उरलाय. दुसऱ्या मापाची गाडी समोर लागली आहे. पहाटेच्या त्या माणसाने हातमोजे नीट केले, तो डब्यावर चढला, चालकाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात वर धरले.