राणीछाप रुपया पारखताना

श्रोतेहो, नमस्कार.

लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचा राणीछाप रुपया आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. वर्षभर तो देव्हाऱ्यात नाहीतर कपाटातल्या डब्यात असतो. दिवाळीत बाहेर निघाला की नातवंडांचा प्रश्न ठरलेला असतो, "आजी, हा खरा आहे का गं?" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर घरच्या घरी काढता येतं. ते कसं, हे आज सांगतो.

माझं म्हणणं एकच आहे. नाणं खरं की खोटं हे ठरवण्याआधी, खरं नाणं कसं घडत होतं ते समजून घ्या. राणीचा चेहरा हुबेहूब उतरवता येतो, अक्षरंही उचलता येतात. पण टांकसाळ ज्या रीतीनं नाणं घडवायची, ती रीत जशीच्या तशी पाळणं नकली नाणं करणाऱ्याला सहसा परवडत नाही. त्याची लबाडी तिथंच उघडी पडते.

ईस्ट इंडिया कंपनीनं १८३५ साली आपल्या ताब्यातल्या सगळ्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. आपला जुना तोळा तो हाच. चांदी शेकडा ९१.७, बाकी तांबं. विल्यम, व्हिक्टोरिया, एडवर्ड, पंचम जॉर्ज असे राज्यकर्ते बदलले, पण रुपयाचं हे वजन आणि हा कस तसाच राहिला. म्हणून पहिलं काम वजनाचं. पॉइंटनंतर दोन आकडे दाखवणारा छोटा काटा हल्ली सहज मिळतो. वापरून झिजलेला रुपया अकरा-साडेअकरा ग्रॅम भरेल, त्यात काही वावगं नाही. पण बारा ग्रॅम भरला तर दाल में काला आहे असं समजा. आणि बरोबर दहा ग्रॅम भरला, तर तो बहुधा सराफाकडचा पूजेचा शिक्का आहे. राणीचं किंवा राजाचं चित्र असलेले असे चांदीचे शिक्के सराफ वर्षानुवर्षं विकत आलेत, आणि त्यात फसवणूक नसते. पण एक पिढी उलटली की तोच शिक्का 'पणजोबांचा रुपया' होतो, आणि मग घरातल्या माणसांचीच समजूत चुकते.

वजन जुळलं, आता कड पाहा. टांकसाळीत चांदीच्या पत्र्यातून गोल चकत्या कापत, आणि दोन ठशांमध्ये धरून यंत्रानं त्यांवर जोराचा दाब देत. त्या दाबामुळं अक्षरांच्या कडा धारदार उठतात, मोकळी जागा सपाट आणि घट्ट होते, कडेवरचे बारीक कंगोरे एका मापाचे येतात. नकली नाणं पुष्कळदा साच्यात ओतलेलं असतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीच्या उजेडात नाणं तिरकं धरा. ओतीव नाण्यात अक्षरांच्या कोनांत टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतील. धातू थंड होताना अडकलेल्या हवेची ती खूण. मग नाणं कडेवर उभं करून सावकाश फिरवा. साच्याचे दोन भाग जिथं मिळाले तिथं बारीक रेघ असते. ती लपवायला कानस मारलेली असेल, तर तेवढ्या पट्ट्यात कंगोरे पुसट दिसतात किंवा आडवे ओरखडे उठलेले असतात.

झीजही पाहा. खऱ्या नाण्यात जे उंच आहे ते आधी झिजतं, म्हणजे राणीचा गाल, केस, मुकुटाची टोकं. खोलगट भाग ताजा राहतो. उंच-सखल सगळंच सारखं गुळगुळीत झालेलं असेल, तर ती झीज वापरानं, हाताळण्यानं आलेली नाही. ज्या झिजलेल्या नाण्यावरून साचा घेतला, त्याची झीज नकलेत उतरलेली आहे.

आवाजाची परीक्षा आपल्या बाजारात फार जुनी. नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकवा. चांदी बारीक, लांबत जाणारा नाद देते. शिशाची भेसळ असेल तर आवाज बद्द येतो. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. दागिन्यासाठी डाख देऊन कडी लावलेला रुपया अस्सल असूनही बद्द वाजतो. चिरलेल्याचंही तसंच.

आवाजापेक्षा माझा पाण्यावर जास्त भरवसा आहे. काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. पूर्ण वजनाच्या चांगल्या रुपयाला पाण्यात १.१३ च्या आसपास आकडा येतो, आणि भागाकार १०.३ च्या जवळ. जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे नावात चांदी पण प्रत्यक्षात तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रणाचा असेल तर भागाकार साडेआठ-पावणेनऊवरच थांबतो. नाण्याला ओरखडासुद्धा न काढता धातू ओळखण्याची ही रीत शाळकरी मुलांनाही जमते, मुद्दाम करून बघायला द्या.

आता कठीण भाग. चांदीतच, नवे ठसे कोरून केलेल्या नकलाही बाजारात आहेत. त्या वजनात पास होतात, पाण्यातही. तिथं इतिहास कामी येतो. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर 'एम्प्रेस' हा किताब १८७७ पासून आला, त्याआधी 'क्वीन'. मग 'एम्प्रेस' लिहिलेल्या रुपयावर १८६२ साल असेल, तर पुढं काही तपासायलाच नको. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या वस्त्रावरचा हत्ती आखूड सोंडेचा निघाला. तो डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, आणि १९१२ पासून लांब सोंडेचा हत्ती आला. म्हणजे १९११ साल आणि लांब सोंड ही जोडी जुळत नाही, तिथं सालाशी खेळ झालेला आहे. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा चांदीचा रुपया दुर्मीळ, म्हणून १९३८ मधल्या आठाचा नऊ करण्याचा उद्योग चालतो. शेवटच्या आकड्याभोवतीची जागा भिंगाखाली नीट पाहा.

आणि रामदरबाराचं किंवा मारुतीचं चित्र, मागं 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ साल, असं नाणं कुणी लाखाला देऊ केलं, तर श्रोतेहो, हात जोडून सांगतो, पैसे देऊ नका. कंपनीनं असं नाणं कधी पाडलंच नाही.

चुंबकाबद्दल थोडं. चांदीचा रुपया चुंबकाला चिकटला तर तो खोटाच. पण १९४७ चा, मागं वाघ असलेला रुपया निकेलचा आहे. तो अस्सल असूनच चिकटतो. तेव्हा तो फेकून देऊ नका.

शिवराईला, म्हणजे शिवकालापासूनच्या तांब्याच्या नाण्याला मात्र ही यंत्राची मोजमापं लावू नका. ती हातोड्यानं ठोकलेली, ठसा चकतीपेक्षा मोठा. त्यामुळं 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरं एकाच नाण्यावर पूर्ण क्वचितच सापडतात. सगळी अक्षरं मधोमध, नीटनेटकी बसलेली शिवराई किंवा सोन्याचा होन कुणी दाखवला, तर मला आधी शंका येते.

एक कळकळीची विनंती. पारखण्याआधी नाणं घासू नका. चिंच, राख, भांड्यांची पावडर, काहीच नको. जुन्या धातूवर चढलेला काळपट थर हा पुरावा असतो, घासला की गेला. आणि ऑनलाइन कुणी रिझर्व्ह बँकेच्या नावानं जुन्या नाण्यांसाठी शुल्क किंवा कमिशन मागत असेल, तर ती फसवणूक आहे. खुद्द बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये तसा इशारा दिला होता.

डोळ्याला सराव हवा असेल तर अस्सल नाणी भरपूर पाहा. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, तिथून जवळच छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं नाण्यांचं दालन आहे. नाशिकजवळ अंजनेरीला तर नाणकशास्त्राची संशोधन संस्थाच आहे. मुलांना बरोबर न्या, आणि भिंग विसरू नका.

नमस्कार.