चार टन मीठ

शिकारीला निघालेल्या माणसाच्या सामानात काय असेल असं कुणी विचारलं तर आपण पटकन बंदूक म्हणू, मग काडतुसं, तंबू, बूट, दुर्बीण. मीठ काही कुणाच्या तोंडी यायचं नाही. पण १९०९ साली आफ्रिकेत जी सगळ्यात गाजलेली शिकारी सफारी निघाली ना, तिच्या सामानात चार टन मीठ होतं, बारीक दळलेलं. माणसाच्या डोक्यावर एका वेळी साठ पाउंड, म्हणजे साधारण २७ किलो ओझं द्यायचं हा तिकडचा हिशोब, त्या हिशोबाने नुसतं मीठ उचलायलाच सव्वाशेच्या वर माणसं लागतील. हे एवढं मीठ कशाला, ते कळलं की ती अख्खी सफारी कळते, म्हणून आपण ट्रंका उघडायला मिठापासूनच सुरुवात केली.

सफारी थिओडोर रूझवेल्टची. अमेरिकेचं अध्यक्षपद ४ मार्च १९०९ ला सुटलं आणि २३ मार्चला हा माणूस बोटीवर होता, बरोबर कर्मिट, एकोणीस वर्षांचा मुलगा, कॉलेज मधेच ठेवून आलेला, कॅमेरा त्याच्याकडे. आता एवढी तयारी एकोणीस दिवसांत होत नाही हे उघड आहे. वर्षभर आधीपासून, व्हाइट हाउसमध्ये बसून, त्यांची पत्रं चालली होती फ्रेडरिक सेलूसला, एडवर्ड बक्स्टनला, म्हणजे आफ्रिका कोळून प्यालेल्या माणसांना, की कुठल्या महिन्यात कुठे जाऊ, बंदूक कुठली घेऊ, काय नेऊ आणि काय नको. मला हे फार आवडतं. देशाचा अध्यक्ष आहे, रांचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या मळ्यावर, राहिलेला आहे, अस्वलं मारलेली आहेत, तरी जिथलं आपल्याला माहीत नाही तिथलं जाणत्या माणसाला विचारतोय. पहिल्यांदा जाणाऱ्याने करायची पहिली तयारी हीच, बॅग नंतर.

कपडे अगदी साधे होते. खाकी रंगाचा आर्मीचा शर्ट, खाकी पँट, तिला गुडघ्यावर चामडं लावलेलं कारण गवतातून रांगावं लागतं, आणि गुडघ्याखाली बटणांनी घट्ट होणारी म्हणजे वर पट्ट्या गुंडाळायला नकोत. जाड बूट, काहींना तळाला खिळे तर काहींना रबर. डोक्यावर उन्हाची हॅट. बंदुका मोजक्या, एक स्प्रिंगफील्ड, आर्मीचीच पण दस्ता आणि नेम धरायची माशी स्वतःच्या सोयीने बदलून घेतलेली, एक विंचेस्टर .४०५, आणि हत्ती-गेंड्यांसाठी हॉलंड अँड हॉलंडची दुनळी, इंग्लंडमधल्या मित्रांनी वर्गणी काढून भेट दिलेली. शिवाय पक्ष्यांसाठी एक छर्ऱ्याची. खाण्यात बॉस्टनच्या शिजवलेल्या बीन्सचे, कॅलिफोर्नियाच्या पीचचे आणि टोमॅटोचे थोडे डबे, ते काही पोटासाठी कमी आणि घरच्या आठवणीसाठी जास्त. आपली माणसं परदेशी निघताना लोणच्याची बरणी नेतात, तसंच.

आणि पुस्तकं. साठेक पुस्तकं! ही त्यांच्या बहिणीची भेट, सगळ्या पुस्तकांची मुद्दाम डुकराच्या कातड्यात बांधणी करून घेतलेली, कडा छाटून आकार लहान केलेला, आणि ठेवायला अ‍ॅल्युमिनियम आणि मेणकापडाची हलकी पेटी. पेटीसकट वजन साठ पाउंडांच्या जरासं आत, म्हणजे बरोब्बर एका हमालाचं ओझं. यातला विचार बघा, पुस्तकं किती न्यायची हे आवडीने नाही ठरलं, डोक्यावरच्या वजनाने ठरलं. आणि कातडं का, तर दुपारी झाडाखाली बसून वाचायचं, कधी नुकत्याच पडलेल्या जनावराच्या शेजारीच, हाताला रक्त, घाम, बंदुकीचं तेल, वर धूळ आणि शेकोटीची राख. कापडी बांधणी अशा हातात टिकत नाही, घाण होते नाहीतर सुटून येते. कातडं मात्र वापरून वापरून जुन्या खोगिरासारखं झालं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

२१ एप्रिलला मोंबासा, आजच्या केनियातलं बंदर. तिथून युगांडा रेल्वेने कापिती नावाच्या छोट्या स्टेशनवर. ही रेल्वे आपल्याकडून नेलेल्या मजुरांनी बांधलेली, तीस हजारांच्या वर माणसं हिंदुस्थानातून गेली होती, अडीच हजारांच्या आसपास तिथेच मेली. व्यवहारही तिथे तेव्हा रुपयातच चालायचा. आणि सफारी हा शब्द, तो स्वाहिलीत अरबीतून आलाय, आपल्या सफर शब्दाचा सख्खा भाऊ, अर्थ नुसता प्रवास, शिकार वगैरे त्यात मुळात काहीच नाही.

कापितीला तंबूंच्या रांगा, मोठा अमेरिकन झेंडा, आणि दोनशेहून जास्त हमाल. अशा सफारीचे जुने फोटो कधी बघितलेत तर नीट थांबून बघा, रांग टेकडीपलीकडे संपतच नाही आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पेटी किंवा गाठोडं. बंदुकांची नावं, मॉडेलं सगळी लिहिलेली सापडतात, पण मीठ वाहून नेणाऱ्यांची नावं शोधायला गेलं तर हाताला फार थोडं लागतं, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यांच्याशिवाय यातली एक काडीही मोंबासाहून पुढे हलली नसती.

आता मीठ. कोकणात ज्यांनी घरी बांगडे खारवताना बघितलेत त्यांना हे लगेच कळेल. ही सफारी स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय संस्थेसाठी होती, वॉशिंग्टनला नवीन म्युझियम होत होतं आणि त्यात आफ्रिकेची जनावरं उभी करायची होती, त्यामुळे जनावर पडलं की काम संपत नव्हतं, तिथून सुरू होत होतं. बरोबर तीन निसर्गतज्ज्ञ होते, मर्न्स, जो आर्मीचा डॉक्टरही होता, लोरिंग आणि हेलर, मोठ्या जनावरांचं काम हेलरकडे. विषुववृत्तावरचं ऊन, कातडं काही तास तसंच राहिलं तर केस सुटून हातात येतात, मग ते म्युझियमच्या कामाचं नाही. म्हणून आधी आतलं मांस-चरबी सगळी खरवडायची, ओठ आतून चिरायचे, कान उलटे करून सोलायचे, पंजाच्या बोटांपर्यंत सुरी न्यायची, आणि मग मीठ चोळायचं, तळहाताने, दाबून दाबून, एक घडी सुटता कामा नये. मीठ बारीक का, तर जाड खडा सगळीकडे सारखा बसत नाही आणि जिथे बसला नाही तिथे कुजतं. मग घडी घालून पाणी सुटू द्यायचं, झटकायचं, पुन्हा मीठ, आणि सावलीत वाळवायचं. हत्तीचं कातडं तर इतकं जाड की ते आतून तासून पातळ केल्याशिवाय मीठ आत शिरतच नाही.

रूझवेल्टना हे काम लहानपणापासून ठाऊक होतं. चौदा वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर इजिप्तला गेलेले, नाईलवर बोटीतून पक्षी मारायचे आणि कातडी काढून पेंढा भरायचे, त्यातले पुढे स्मिथसोनियनलाच दिले. म्हणून मिठाचा आकडा एवढा मोठा निघाला असं मला वाटतं, ज्याने स्वतःच्या हाताने पक्षी सोललाय त्याला अंदाज बरोबर येतो.

१४ मार्च १९१० ला सुदानमधल्या खार्टूमला प्रवास संपला तेव्हा बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली होती, १७ सिंह, ११ हत्ती, २० गेंडे. आकडा ऐकून अंगावर काटा येतो, माझ्याही येतो. तेव्हाही टीका झाली होती. म्युझियमला उपयोग झाला हे खरं, आणि एवढी लागत नव्हती हेही मला तितकंच खरं वाटतं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, केनियाने १९७७ ला शिकार पूर्ण बंद केली. नामिबिया, दक्षिण आफ्रिकेत आजही परवान्यावर चालते, बाकी सामान सगळं बदललं, पण तिथल्या सोलायच्या शेडमध्ये मिठाची पोती अजून असतात.

त्या २० गेंड्यांमधले नऊ पांढरे होते, उत्तरेकडचे, नाईलच्या पश्चिम काठावर लाडो नावाच्या भागात जानेवारी १९१० मध्ये मारलेले. ते तेव्हाच विरळ होत चाललेत हे रूझवेल्टना माहीत होतं. त्यांची कातडी खारवून, वाळवून, माणसांच्या डोक्यावरून, बोटीने, पार वॉशिंग्टनला गेली.

त्या उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांमधला शेवटचा नर, सुदान, २०१८ मध्ये गेला. आता दोन माद्या उरल्यात, केनियात ओल पेजेटा अभयारण्यात, नाजिन आणि फातू, मायलेकी आहेत. चोवीस तास हत्यारी पहारा असतो त्यांच्यावर, त्या चरत असतात आणि रक्षक जवळच उभे असतात.