केस गळतायत की विरळ होतायत?

[दृश्य: काळ्या कागदावर एकच केस, अगदी जवळून]

हा केस सकाळी फणीत आला. त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान, पांढरट गाठ आहे. ती पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. केस मुळासकट निघाला, आता तिथे परत यायचा नाही, असं वाटतं. तसं नसतं. केस ज्यातून उगवतो तो कूप त्वचेच्या आत जागेवरच असतो. गाठीचा अर्थ एवढाच की या केसाचा काळ पुरा झाला आणि तो आपणहून सुटला. गाठच नसेल आणि टोक तुटक असेल, तर तो केस गळलेला नाही, मधेच तुटलेला आहे. ब्लीच, स्ट्रेटनिंग, फार गरम ड्रायर ही त्याची नेहमीची कारणं. अशा वेळी टाळूला औषध लावून काहीच साधत नाही.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे वाढ थांबण्याचे, त्यानंतर साधारण तीन महिने विश्रांती, आणि मग केस गळतो. एका वेळी ८५ ते ९० टक्के केस वाढीत असतात, बाकीचे बहुतेक विश्रांतीत. त्यामुळे दिवसाला ५० ते १०० केस जाणं हिशेबातलंच आहे. आठवड्यातून एकदाच डोकं धुणाऱ्यांना त्या दिवशी मोठा पुंजका दिसतो. मधल्या दिवसांत सुटलेले केस एकदम बाहेर येतात, दोष शांपूचा नसतो.

केसांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हा: केस जास्त गळतायत, की जागा विरळ होतेय? दोन्हींची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

[दृश्य: न्हाणीघराच्या जाळीवर साचलेले लांब केस]

आधी गळणं. हातात झुपके येतात, डोकं सगळीकडून सारखंच हलकं वाटतं. इथे दोन-तीन महिने मागे मोजत जायचं. जोराचा ताप, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेलं वजन, नवं सुरू केलेलं औषध. अशा धक्क्याने वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात, आणि ते गळतात तेव्हा धक्का मागे पडलेला असतो. म्हणूनच लोक चुकीच्या गोष्टीला दोष देतात: गेल्या आठवड्यात आणलेल्या तेलाला, बदललेल्या पाण्याला.

कारण एकदाच घडून गेलं असेल, तर गळणं बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप ओसरतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. पण दाटपणा लगेच परतत नाही. महिन्याला एक सेंटिमीटरच्या वेगाने खांद्यापर्यंत पोहोचायला केसाला दोन वर्षंही लागू शकतात. कपाळाच्या रेषेवर आखूड, उभे राहणारे केस दिसू लागले की समजावं, कूप कामाला लागलेत.

गळणं सहा महिन्यांनंतरही चालूच राहिलं, तर रक्त तपासावं: रक्तातल्या पेशींची मोजणी, फेरिटिन, थायरॉइडचं टीएसएच. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी असू शकतो. ताप किंवा जंतुसंसर्ग चालू असताना मात्र ही तपासणी करू नये, कारण तेव्हा फेरिटिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच. बायोटिनची खरी कमतरता विरळाच, पण मोठ्या मात्रेतल्या गोळ्या थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या निदानातले काही अहवाल चुकवतात. गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

[दृश्य: डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाखाली टाळू, जाड केसांशेजारी बारीक, फिकट केस]

आता विरळ होणं. इथे फणीत येणारे केस कदाचित नेहमीइतकेच असतात. बदल आत घडतो. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. आनुवंशिकतेने संवेदनशील असलेल्या कुपांमध्ये त्यामुळे वाढीचा काळ दर फेरीला घटत जातो आणि उगवणारा केस आधीच्यापेक्षा बारीक, आखूड होतो. शेवटी फक्त लव उरते. पुरुषांमध्ये कपाळाचे कोपरे आणि माथा आधी उघडा पडतो, मानेजवळचे केस टिकतात. बायकांमध्ये कपाळाची रेषा सहसा तशीच राहते, भांग रुंद होत जातो. सोबत पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी टाळू नये. हा वारसा आईकडूनच येतो हा समज खोटा आहे, तो दोन्हीकडून येतो.

विरळ होण्यावर वापरतात ते मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, आणि त्यातूनच डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत त्याला १९८८ मध्ये मान्यता मिळाली. पुरुषांसाठी ५ टक्के द्रावण, एका वेळी १ मिलिलिटर, दिवसातून दोनदा. बायकांसाठी २ टक्के दोनदा किंवा ५ टक्के फोम एकदा.

लावायची रीत नीट पाहा, कारण औषध वाया जातं ते इथेच. टाळू कोरडी हवी. केस बाजूला करून भांग पाडा, थेंब त्वचेवर सोडा, केसांवर नाही. बोटाने हलकेच पसरवा, रगडू नका, लगेच हात धुवा. चार तास डोकं धुवायचं नाही. रात्रीचं औषध झोपण्याच्या दोन तास आधी लावा, नाहीतर ते उशीला आणि तिथून चेहऱ्याला लागून गालावर लव वाढते. १ मिलिलिटरपेक्षा जास्त लावल्याने फायदा वाढत नाही, उलट धडधड आणि सूज यांची शक्यता वाढते. खाज सुटली तर कारण बहुधा द्रावणातलं प्रोपिलीन ग्लायकॉल असतं, तेव्हा फोम वापरून पाहावा. घरात मांजर असेल तर बाटली आणि औषध लावलेली उशी तिच्यापासून लांब ठेवा. मिनॉक्सिडिल मांजरांच्या जिवावर बेततं. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना ते लावू नये.

आणि आता ती गोष्ट, जी आधी न सांगितल्यामुळे कित्येक जण औषध सोडतात. पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळू शकतात. विश्रांतीतल्या जुन्या केसांना नवे केस ढकलतात, म्हणून. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध बंद केलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. तेव्हा सुरू करण्याआधीच एक फोटो काढून ठेवा: कोरडे केस, तोच भांग, तोच उजेड. दर तीन महिन्यांनी तसाच दुसरा. रोज आरशात बघून काही कळत नाही.

फिनास्टेराइडची रोज १ मिलिग्रॅमची गोळी डीएचटी बनण्यालाच अटकाव करते. पुरुषांच्या टकलासाठी तिला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. काही पुरुषांना कामेच्छा कमी होणं, ताठरतेची अडचण किंवा मन खिन्न राहणं असे त्रास होतात. ते अंगावर काढू नयेत, डॉक्टरांना सांगावेत. ही गोळी पीएसए हा प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून तपासणीआधी तिचा उल्लेख करायलाच हवा. गरोदर स्त्रीने ही गोळी घ्यायची नाहीच, तुटलेल्या गोळीला हातही लावायचा नाही. मुलगा असेल तर गर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येऊ शकतो.

काही प्रकार गळणं आणि विरळ होणं या दोन्हींत बसत नाहीत. चाई पडली की नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा दिसतो. ही शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच कुपांवर केलेली चढाई आहे, किडा नाही. चट्ट्यावर झोंबणारं काही चोळल्याने त्वचा भाजते. लहान चट्टे कित्येकदा आपोआप भरतात. नाहीतर त्वचेत स्टेरॉइडची इंजेक्शनं दर चार ते सहा आठवड्यांनी देतात. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्या आणि तुटके केस असतील तर बुरशीचा संशय घ्यावा. तिथे नुसतं मलम पुरत नाही, कारण ते कुपाच्या आत पोहोचत नाही. पोटातून गोळ्या द्याव्या लागतात, आणि मुलाची फणी, टोपी वेगळी ठेवावी लागते.

सर्वांत घाई करावी अशी खूण वेगळीच आहे: उघड्या पडलेल्या जागी त्वचा चकचकीत, कुपांची तोंडं दिसेनाशी, कडेला लाली, जळजळ किंवा दुखणं. इथे कूप कायमचे बुजत असतात. त्वचारोगतज्ज्ञ चार मिलिमीटरचा तुकडा काढून निदान करतात. गेलेले केस परत आणता येत नाहीत, पसरणं मात्र थांबवता येतं.

[दृश्य: डोक्यामागच्या भागातून काढलेले एकेक कूप]

रोपणात नवे केस तयार होत नाहीत, फक्त जागा बदलते. मानेजवळचे टिकाऊ कूप काढून पुढे लावतात. लावलेले केस पहिल्या काही आठवड्यांत गळतात, हे अपेक्षितच असतं. तीन-चार महिन्यांनी उगवण सुरू होते, पूर्ण रूप दिसायला वर्ष जातं. पण आजूबाजूचे मूळचे केस विरळ होत राहतात, म्हणून औषध चालूच ठेवावं लागतं. मागचा साठाही मर्यादित. विशीतच कपाळाची रेषा खाली आणून बराचसा साठा खर्च केला आणि पुढे माथा उघडा पडला, तर तिथे लावायला कूप उरत नाहीत. म्हणून चांगला शल्यविशारद तरुण माणसाला आधी वर्षभर औषध देऊन टक्कल किती वेगाने सरकतंय ते पाहतो आणि मगच तारीख देतो.