पाणपोईवरची बारीक धार

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषणाचा संपादित भाग)

नमस्कार मंडळी.

उन्हातून आलेला वाटसरू पाणपोईवर ओंजळ धरतो. पाणी पिताना नजर वर, पाणी घालणाऱ्या तरुणीकडे. बोटं मुद्दाम विलग ठेवतो, पाणी गळत राहावं आणि पिणं लांबावं म्हणून. आणि ती? मुळात बारीक असलेली धार आणखी बारीक करते.

ही हाल सातवाहन राजाने जमवलेल्या गाथासप्तशती या सातशे गाथांच्या संग्रहातली गाथा, महाराष्ट्री प्राकृतातली. परवा ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या घरी, सोळा वर्षांच्या नातीला मी ती स. आ. जोगळेकरांच्या आवृत्तीतून वाचून दाखवली. ती म्हणाली, "आजी, म्हणजे तिलाही तो जायला नको होता!" केवढा आनंद झाला मला! इंग्रजी शाळेतली पोर, पण नेमकं तिथेच पोचली. तेवढ्यात माझा लेक आतून ओरडला, "आई, काय शिकवतेस हे पोरीला?" जेवणं होईपर्यंत वाद चालला.

अहो, त्या गाथेत कुणी कुणाला स्पर्शही केलेला नाही. जे आहे ते सगळं त्या धारेत. दुसऱ्या एका गाथेत रांधणाऱ्या बायकोच्या तोंडाला काजळीचा हात लागतो आणि नवरा हसतो, कारण आता ते तोंड अगदी चंद्रासारखं झालंय, डागासकट! संसारातला शृंगार याहून सुंदर कुणी लिहिला असेल?

ज्ञानेश्वरांची विरहिणी आपण डोळे मिटून ऐकतो. गडकरी रंगायतनात माना डोलावतो. पण तिला चंदनाची चोळी पोळते, फुलांची शेज आगीसारखी भाजते, हे ऐकतो का? देवाची ओढ सांगताना माउलींना शरीराचा संकोच वाटला नाही. मग आपल्यालाच का? लावणीला शिट्ट्या वाजवायच्या आणि पु. शि. रेग्यांची शृंगाराची कविता मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, हे बरं नव्हे.

तुम्ही इथे मुलांना श्लोक शिकवता, पोवाडे शिकवता, त्याचं मोल मोठं आहे. पण हीच मुलं प्रेमात पडतील तेव्हा त्यांच्याजवळ मराठीतलं काय असेल?

लेकाची काळजीही खोटी नाही. पोरीच्या फोनवर काय काय येऊन पडतं ते तो पाहतो, आणि त्या धास्तीत त्याला ही गाथाही त्याच रांगेतली वाटते. त्याला फरक कसा समजावून सांगावा, हे मला अजून सुचलेलं नाही.