रिंगनं धरायचं, आवळायचं नाही

ही जी रिंग, म्हणजे रायफलवर स्कोप (नेमाची दुर्बीण) धरून ठेवणारं कडं, मी वर धरलीये ना, मागच्यांना कदाचित दिसणार नाही म्हणून सांगतो, तिच्या आतल्या बाजूला कडेला नखाएवढी एक चकचकीत पट्टी आहे आणि बाकी सगळं काळंकुळकुळीत, कारखान्यातून आलं तसंच. म्हणजे दोन वर्षं ही रिंग स्कोपला फक्त त्या नखाएवढ्या जागेवर टेकून होती. माझीच आहे ही. त्या दोन वर्षांत गोळ्या एका जागी लागेनात म्हणून मी काडतुसं बदलून पाहिली, बॅरल घासघासून साफ केली, ट्रिगरला शिव्या घातल्या, आणि शेवटी स्कोपच गेलाय असं ठरवून तो दुरुस्तीला पाठवायला बाहेर काढला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्कोप निघाल्यावर ट्यूबवर बारीक चर दिसला, आणि मग ही पट्टी.

रिंगवर भार किती येतो ते आधी बघू. थ्री-झिरो-एट कॅलिबरची साधारण ४ किलोची रायफल गोळी सुटताना मागे येते ती सेकंदाला ३ मीटरच्या आसपास वेगानं, आणि हा वेग ती काही सहस्रांश सेकंदातच घेते. ढोबळमानाने २ सहस्रांश धरा. तेवढ्या वेळात ७०० ग्रॅमचा स्कोप रायफलबरोबर मागे खेचायला शंभरेक किलोची ओढ लागते, आणि ती सगळी या दोन रिंगांतून जाते. स्कोप बिचारा जागच्या जागी राहायला बघतो, म्हणून रायफलच्या मानानं तो पुढे सरकतो. हे पुढे सरकणं लक्षात ठेवा, लावताना लागणार आहे.

हलतंय म्हटल्यावर आपण काय करतो, अजून आवळतो. इथंच सगळा घोळ होतो, कारण स्कोपची ट्यूब म्हणजे पातळ अॅल्युमिनियमची पोकळ नळी, आणि तिच्या आत अजून एक नळी असते जी टरेट, म्हणजे नेम वर-खाली, डावी-उजवीकडे करायचं बटण, फिरवलं की हलते. बाहेरून चिमटा बसला की झूमची रिंग जड होते, पॅरलॅक्सची नॉब (डोळा हलला की नेम हलल्यासारखा दिसतो ते घालवणारी) अडकल्यासारखी फिरते, कधीकधी टरेटचा क्लिक आवाज करतो पण रेटिकल, म्हणजे आतली नेमाची फुली, हलतच नाही आणि पुढच्या गोळीच्या धक्क्यानं एकदम उडी मारतं. म्हणजे स्कोप घट्ट धरायचा, पण त्याला पिळायचं नाही. रिंग निवडताना आणि लावताना सगळी मारामारी एवढ्यासाठीच.

निवडताना पहिली गोष्ट ट्यूबचा व्यास, १ इंच म्हणजे २५.४ मिमी, नाहीतर ३० किंवा ३४ मिमी. रिंग तेवढ्याचीच घ्यायची. ३० च्या रिंगमध्ये १ इंचाचा स्कोप टेप गुंडाळून बसवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, त्यावर काही बोलत नाही.

दुसरं म्हणजे खालचा बेस, रायफलवरचा आधार ज्यावर रिंग बसते. पिकाटिनी रेल हे अमेरिकन लष्करी स्टँडर्ड, १९९५ चं, त्यात खाच ५.२३ मिमी रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर १०.०१ मिमी, सगळीकडे सारखं. वीव्हर त्याहून जुना, त्याची खाच ४.५७ मिमी आणि अंतराला नियम नाही. म्हणून वीव्हरची रिंग पिकाटिनीवर बहुतेक वेळा बसते, उलटं बसत नाही, कारण पिकाटिनी रिंगच्या खालची जाड आडवी पट्टी वीव्हरच्या अरुंद खाचेत जाणार कशी? वीव्हरची रिंग पिकाटिनीवर लावली तर खाचेत पुढेमागे अर्धा-पाऊण मिमी जागा उरते, तिचं काय करायचं ते सांगतो पुढे. एअर रायफलवर ११ मिमीचा डव्हटेल, म्हणजे कडांना तिरप्या कापलेल्या लांब चरी, असतो, तिथं खाच नसते, नुसती पकड. आणि स्प्रिंग-पिस्टन एअर रायफल फुसकी समजू नका, तिचा धक्का आधी मागे आणि पिस्टन थांबला की उलटा पुढे असा दोन्हीकडे असतो, स्कोप रांगत रांगत मागे येतो. तिथं खालच्या भोकात जाणारी स्टॉप पिन असलेला माउंट पाहिजेच.

आता उंची. यात लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण लो, मीडियम, हाय हे शब्द प्रत्येक कंपनीचे आपापले आहेत. आकडा दिला तरी एकजण बेसपासून ट्यूबच्या मध्यापर्यंत मोजतो, दुसरा बेसपासून रिंगच्या खालच्या कडेपर्यंत. ५० मिमी लेन्सचा स्कोप घ्या. पुढच्या घंटेचा, म्हणजे लेन्सच्या फुगीर टोकाचा, बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजा, समजा ५७ आला. त्याचा अर्धा २८.५. बॅरल आणि घंटेमध्ये ३ मिमी मोकळं ठेवायचं, झाले ३१.५. रेलचा माथा बॅरलच्या वर ८ मिमी असेल तर ते वजा करा, राहिले २३.५, ही रेलपासून ट्यूबच्या मध्याची उंची. तीच रिंग खालच्या कडेपर्यंत मोजणाऱ्याकडे ३० च्या ट्यूबला ८.५ ची म्हणून विकली जाते. आकडे वेगळे, रिंग एकच! शिवाय बोल्टचं, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्याचं, हँडल पूर्ण वर उचलून बघा आयपीसला (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला) लागतंय का, आणि लेन्सची झाकणं लावणार असाल तर त्यांची जाडी धरा. बसेल तेवढं खाली ठेवावं असं सगळे सांगतात, माझं मत थोडं वेगळं आहे. गाल स्टॉकवर, रायफलच्या दस्त्यावर, आपोआप टेकला की डोळा जिथं येतो ती खरी उंची. मान वाकडी करून तुम्ही दहा गोळ्या माराल, पन्नास नाही.

लावताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, हे सांगायला नको. बेसवरचं, रिंगवरचं तेल पुसून काढा. रिंगचा खालचा भाग रेलवर ठेवला की पुढे ढकला, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकेपर्यंत, आणि मगच आवळा. मघाशी म्हटलं ना स्कोप पुढे सरकायला बघतो, मग त्याला आधीच भिंतीला लावून ठेवायचं. वीव्हरची ती अर्धा-पाऊण मिमीची जागा अशी मागे राहते, तिचा त्रास नाही.

मग रिंगचा वरचा अर्धा भाग, ज्याला मी कडी म्हणतो, तो न लावता स्कोप नुसता ठेवून बघा, डुगडुगतोय का. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल आणि एक रिंग ०.१ मिमी म्हणजे कागदाच्या जाडीएवढी वर असेल तर हा हजारात एकचा फरक झाला, १०० मीटरवर १० सेंटीमीटर. टरेटनं तो भरून निघेलही, पण ट्यूब वाकून बसली असेल तर त्या ताणाचं काय? एका रिंगची कडी हलकी आवळा आणि दुसऱ्या रिंगमध्ये ट्यूब उचलली जातेय का बघा, गेली तर गडबड आहे. यावर उपाय म्हणून लोक लॅपिंग करतात, दांड्याला घासायची पेस्ट लावून रिंगा आतून घासायच्या. मी आता करत नाही. चांगल्या रिंगांना लागत नाही, वाईट रिंगांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, आणि घासलेली रिंग त्या रायफलवर त्याच जागी चालते, दुसरीकडे नेली की परत तेच. आत प्लास्टिकची फिरणारी इन्सर्ट असलेल्या रिंगा मिळतात, त्या आपोआप सरळ होतात, त्यांना तर घासायचंच नाही.

डोळ्याचं आयपीसपासूनचं अंतर ठरवताना झूम सगळ्यात मोठ्या पॉवरवर ठेवा, डोळे मिटून खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग उघडा. पूर्ण गोल चित्र दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे करा. आणि हे झोपून मारणार असाल तर झोपूनच करा, उभं राहून नको, झोपल्यावर डोकं पुढे जातं आणि स्कोप आदळून भुवईवर अर्धचंद्र उमटतो, माझ्याकडे आहे एक, जवळ आलात तर दाखवतो.

रेटिकल सरळ करायला लांब ओळंबा टांगा. रायफल लेव्हलमध्ये पकडून उभी रेघ दोरीवर बसवा. ३ अंश तिरपं राहिलं तर वर १ मीटरची दुरुस्ती डायल केल्यावर गोळी ५ सेंटीमीटर बाजूला जाते, आणि माणूस म्हणतो वारा होता.

कडीचे स्क्रू आवळताना त्यांच्याबरोबर स्कोपही गोल फिरायला बघतो, म्हणून एकदम एक स्क्रू नाही, समोरासमोर पाव-पाव वळसा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असं. बऱ्याच कंपन्या कडीला १५ ते १८ इंच-पाउंड टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, सांगतात, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, तुमच्या रिंगच्या कागदावर जे असेल ते खरं. टॉर्क रेंच इंच-पाउंडचाच आहे ना बघा, फूट-पाउंड त्याच्या बारापट असतो. लांब अॅलन की वापरत असाल तर मनगटाला १८ आणि ३० मधला फरक कळत नाही, कितीही वर्षांचा अनुभव असला तरी. थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक, बेसच्या स्क्रूला निळा एक थेंब, कडीच्या स्क्रूला मी लावत नाही, तेलासारखा तो आटे निसरडे करतो आणि तेवढ्याच टॉर्कला पकड जास्त बसते.

एक चिठ्ठी आलीये, स्कोप काढून परत लावला तर झिरो, म्हणजे नेम तिथंच गोळी, राहतो का. कड्या उघडल्यात तर विसरा, नव्यानं झिरो करा. स्कोप रिंगांसकट रेलवरून काढलात आणि त्याच खाचेत, पुढे ढकलून, तेवढ्याच टॉर्कनं लावलात तर चांगल्या रिंगा अगदी जवळ परत येतात, तरी तीन गोळ्या मारून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. मी त्या खाचेवर पांढऱ्या पेंटचा ठिपका दिलाय, कारण एकदा घाईत एक खाच पुढे लागला आणि डोळ्याचं अंतर १० मिमीनं चुकलं, अर्धा दिवस चित्राच्या कडेला काळी सावली का येतेय तेच शोधत बसलो.