प्लॅन वाढवण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

गणपतीत आमच्या कोकणातल्या वाड्यांमध्ये दोन गोष्टी हमखास कमी पडतात: दूध आणि नेट. चाकरमानी येतात, प्रत्येकाच्या खिशात एक-दोन फोन. हल्ली लॅपटॉपही असतो, कारण घरून काम केलं की पाच दिवसांचा मुक्काम दहा दिवसांचा करता येतो. संध्याकाळी आरतीच्या वेळी दुबईच्या मामांना व्हिडिओ कॉल लावला, की मामांचं तोंड उघडं ते उघडंच राहतं आणि चित्र थिजतं. मग माजघरातून कोणीतरी ओरडतं, "अरे, प्लॅन वाढवा त्या नेटचा!"

वाढवा की, पण थोडं थांबून. नेट अडतंय कुठे हे आधी बघूया. घरात, घराबाहेरच्या तारेत की त्याच्याही पलीकडे? तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे, आणि महागडा प्लॅन तिन्हींपैकी एकावरही चालत नाही.

बघायचं कसं? राउटरला लॅपटॉप थेट केबलने जोडा, बाकी सगळ्यांचं वाय-फाय घटकाभर बंद करा आणि स्पीड टेस्ट लावा. आकडा प्लॅनच्या जवळपास आला, तर तार ठीक आहे, दोष घरातल्या वाय-फायचा. असं पहाटे एकदा करा आणि रात्री नऊला एकदा. पहाटे नेट पळतं आणि रात्री रांगतं, असं दिसलं तर गर्दी तुमच्या घराच्या पलीकडे आहे. दोन्ही वेळा रांगत असेल, तर तारेकडे बघायचं.

एक खुलासा इथेच करतो, कारण यावरून भांडणं होतात. प्लॅन 100 चा घेतला आणि फाइल उतरवताना 12 चाच वेग दिसला, तर कोणी फसवलेलं नाही. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा असतो, फाइलचा मेगाबाइटचा. 8 बिटांचा 1 बाइट. भागाकार करून बघा.

आता घरातलं. आपली जुनी घरं चिऱ्याची, भिंती चांगल्या जाड. फायबरवाला येतो, ओटीवर टीव्हीमागे राउटरचा बॉक्स ठोकतो आणि जातो, कारण तिथवर तार ओढणं त्याला सोपं. मग मागच्या पडवीत अभ्यासाला बसलेल्या मुलीपर्यंत त्या वाय-फायचं काय पोहोचणार? दोन भिंती, मध्ये लोखंडी कपाट. बॉक्स घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळा ठेवा. शोकेसच्या काचेआड, फ्रिजच्या डोक्यावर नको. बहुतेक राउटर दोन वाय-फाय देतात. 2.4 गिगाहर्ट्झचं भिंतीपलीकडे जातं पण हळू चालतं. 5 गिगाहर्ट्झचं वेगवान, पण त्याच खोलीपुरतं. (त्या नावापुढे '5जी' दिसतं म्हणून पुतण्याने मला मोबाइलचा 5जी आला असं सांगितलं होतं. त्याचा याच्याशी संबंध नाही.) जमलंच तर पडवीपर्यंत साधी लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावा. हा खर्च एकदाच होतो, वाढीव प्लॅनचे पैसे दर महिन्याला जातात.

तारेचं म्हणाल, तर बॉक्सवरचे दिवे बघायला शिका. 'लॉस' असं लिहिलेला दिवा लाल झाला, म्हणजे फायबरच्या तारेतून नेट आणणारा प्रकाशच येत नाही. तार कुठेतरी तुटली. राउटर बंद-चालू करून काही होणार नाही, फोन करा. पण तार न तुटताही नेट मंदावतं. आत केसासारखी काच असते, तिला तीव्र वळण सोसत नाही. खिडकीच्या बिजागरीत चेपलेली, उरलेली तार गुंडाळून खिळ्याला घट्ट बांधलेली, असं काही दिसलं तर सैल, मोठ्या वेटोळ्यात सोडा. जुनी तांब्याची टेलिफोन लाइन असेल, तर गोष्ट निराळी. तिथे एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितका वेग कमी. त्यावर इलाज फायबरच.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्राने 2011 मध्ये मंजूर केली. तिचंच नाव पुढे भारतनेट झालं. पण आपल्याकडे पंचायत एका टेकडीवर आणि वाडी दुसरीवर. मधली तार आंब्या-फणसावरून येते, तिच्यावर माकडं लोंबकळतात.

आणि रात्रीची गर्दी? एक्स्चेंजकडून निघालेली एक फायबर वाटेत फुटून 32 किंवा 64 घरांत जाते. त्या एका फायबरची क्षमता साधारण अडीच गिगाबिट, म्हणजे तशी भरपूर. पण गावातल्या केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून किती नेट विकत घेतलंय, ते आपल्याला दिसत नाही. तो खरा नळ. तिथे चिंचोळं असेल, तर तुमचा 300 चा प्लॅनही रात्री नऊला 10 देणार. अशा वेळी सिनेमे, अपडेट सगळं पहाटेवर ढकला.

2023 पासून किमान 2 मेगाबिट वेग मिळाला तरच सरकारी व्याख्येत ते ब्रॉडबँड ठरतं. आधी 512 किलोबिटलाही चालायचं. एवढ्याशा 2 मेगाबिटमध्ये होतं तरी काय? नुसत्या आवाजाच्या कॉलला त्याचा विसावा हिस्साही पुरे. यूट्यूबच्या चित्राचा दर्जा 480 वर ठेवला तर 1 मेगाबिटच्या आसपास लागतं, 1080 ला मात्र 5. छोट्या पडद्यावर 480 आणि 1080 मधला फरक आमच्या वयाला तरी कळत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये आपला कॅमेरा बंद केला, की आवाज तुटायचा थांबतो.

सगळ्यात मोठा चोर मात्र वर चढणारा डेटा. पुतण्याने लग्नाचे चारशे फोटो काढले, घरात शिरताच फोनने वाय-फाय पकडलं आणि फोटो आपोआप ढगात, म्हणजे नेटवरच्या साठ्यात, चढायला लागले. खाली येणाऱ्या प्रत्येक गोष्टीची पोचसुद्धा त्याच चढत्या वाटेने जात असते. ती वाट फोटोंनी अडवली, की सगळ्या घराचं नेट ठप्प. पाहुणे आले की फोटोंचा बॅकअप आणि व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद करायला सांगा. रागावतील, पण सांगा.

एवढं करूनही वेग नसेल, तर तक्रार लेखी करा. तारीख, वेळ आणि आकडा दिसणारे स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट जोडा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो क्रमांक हाती असला, की कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. "साहेब, नेट स्लो आहे" याला उत्तर मिळतं, "बंद करून चालू करा." "चार रात्री नऊला 6 मिळाले, पहाटे 92" याला तसं उत्तर देता येत नाही.

पावसाळ्याचं राहिलं. मे महिन्यात तारेवर टेकलेल्या फांद्या वाडीने मिळून छाटून घ्या, जूनमध्ये केबलवाल्याचा माणूस शिडी घेऊन यायला तयार नसतो. वीज गेली की राउटर चालवायला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. आणि आकाशात गडगडायला लागलं, की आधी तो ॲडॉप्टर प्लगमधून काढून ठेवा.

नमस्कार.