वाढत्या अंगाची ढोली

[दृश्य : अंधार. टॉर्चच्या लाल उजेडात काचेच्या खोक्याचा वरचा कोपरा. पांढऱ्या जाळ्याच्या नळीतून दोन गुलाबी टोकं बाहेर आलेली.]

कोपऱ्यात हे दोन गुलाबी ठिपके दिसताहेत ना, ते पायांचे शेंडे आहेत. पुढचे दोन पाय दाराबाहेर, उरलेले सहा आत. रात्रीचे अकरा वाजलेत आणि बाईसाहेब उंबऱ्यावर येऊन बसल्यात. समोरून एखादा रातकिडा जातोय का, एवढंच बघायचंय. जाईल तेव्हा जाईल. तोवर या हलणार नाहीत आणि आपल्यालाही इथेच बसावं लागणार.

ही अविक्युलेरिया अविक्युलेरिया. पाळणाऱ्यांच्या बोलीत 'पिंकटो'. दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत झाडांवर राहणारी टॅरँट्युला, म्हणजे मोठी केसाळ कोळीण. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनाममधले कीटक जवळून पाहिले आणि १७०५ साली त्यांची चित्रं छापली. त्यांतल्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर बसून हमिंगबर्ड खाणारा एक केसाळ कोळी होता. कोळी कुठे पक्षी खातो का, म्हणून पुढे कित्येकांनी तिला खोटं ठरवलं. १७५८ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने या कोळ्याला नाव दिलं तेही पक्ष्यावरूनच. लॅटिनमध्ये 'अविस' म्हणजे पक्षी.

सगळा वाद पक्ष्यावरून झाला. मला मात्र त्या चित्रातली फांदी जास्त महत्त्वाची वाटते, कारण पाळायला घेताना माणसं विसरतात ती नेमकी फांदीच.

[दृश्य : पसरट, आडवी काचेची टाकी. तळाला माती, मध्ये पाण्याची वाटी. कोळी झाकणाला उलटा चिकटलेला.]

टॅरँट्युला म्हटलं की डोळ्यांपुढे बीळ येतं, माती येते आणि मग पसरट टाकी येते. बिळात राहणाऱ्यांना ती ठीक. झाडावरच्या कोळ्याला तीत सोडा. रात्रभर फिरेल आणि सकाळी झाकणाच्या कोपऱ्यात चिकटलेला सापडेल. खालची सगळी जमीन ओसाड. त्याच्या पायांच्या तळव्यांवर बारीक केसांचे दाट झुपके असतात, त्यांच्या जोरावर तो गुळगुळीत काचसुद्धा चढतो. चढता येतं तिथे तो चढणार आणि सगळ्यात वर पोहोचला की तिथेच घर बांधणार.

म्हणून पहिली गोष्ट उंची. कोळ्याचं माप घेतात ते तिरपं, एका बाजूच्या पुढच्या पायाच्या टोकापासून दुसऱ्या बाजूच्या मागच्या पायाच्या टोकापर्यंत. याला आपण पायांचा पसारा म्हणू. मोठ्या कोळ्याच्या खोक्याची उंची या पसाऱ्याच्या अडीच-तीन पट आणि रुंदी दीड-दोन पट असली की भागतं. बारा सेंटिमीटर पसाऱ्याच्या कोळिणीला वीस बाय वीसचा तळ आणि तीस सेंटिमीटर उंची पुरते. जिवंत कोळ्याला पट्टी लावायला जाऊ नका. टाकलेली कात पाण्यात भिजवून मऊ करा, बोटाने पाय सरळ करा आणि मग मोजा. कात टाकून बाहेर आलेल्या कोळ्याचा पसारा त्याहून थोडा मोठा असणार, हे मात्र धरून चला.

[दृश्य : करंगळीच्या नखाशेजारी ठेवलेली छोटी डबी. आत कोळ्याचं पिल्लू.]

हे पिल्लू. पसारा जेमतेम दीड सेंटिमीटर. ही कॅरिबेना व्हर्सिकलर, मार्टिनिक बेटावरची. आत्ता निळी दिसतेय, पण हा निळा रंग टिकणारा नाही. प्रत्येक कातीबरोबर तो बदलत जाईल आणि शेवटी पाठीवर हिरवी झाक आणि पोटावर लालसर, जांभळट केस येतील. घर बदलण्याआधी ती रंग बदलते.

इथे हमखास एक मोह होतो. मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेतात ना, तसं वाटतं की पुढे लागणारच आहे, तर आत्ताच मोठं खोकं घ्यावं. एवढ्याशा पिल्लाला तीस सेंटिमीटरच्या खोक्यात सोडलं की आपण सोडलेली माशी एका कोपऱ्यात आणि पिल्लू दुसऱ्या. दोघांची गाठ पडत नाही. पिल्लू खातंय का, कात टाकलीय का, जिवंत तरी आहे का, काही कळत नाही. चार दिवसांनी माणूस घाबरून सगळं उपसतो आणि नुकतंच विणलेलं जाळं मोडून ठेवतो.

त्यापेक्षा शंभर-दीडशे मिलिलिटरची उभी डबी बरी. तळाला दोन बोटं ओलसर कोकोपीट, मध्ये सालीचा एक उभा तुकडा, वर प्लॅस्टिकचं एखादं पान, कारण जाळ्याला धागा अडकवायला काहीतरी लागतं. एवढंच. शिकार अशी जागा सोडून जाणार कुठे? फार लहान पिल्लू असेल तर मेलेल्या रातकिड्याची तंगडी जाळ्याला टेकवून ठेवली तरी ते खातं. पाण्याचा एखादा थेंब जाळ्यावर पडला की तोच पितं.

आता भोकं. भोक किती मोठं असावं? तर कोळ्याच्या डोक्या-छातीच्या कवचापेक्षा लहान. पोट मऊ असतं, ते दबतं. कवच दबत नाही. ज्या भोकातून कवच जाईल त्यातून अख्खा कोळी जाईल, आणि एवढ्याशा पिल्लाचं कवच म्हणजे जवळजवळ मोहरीचा दाणा. तापवलेल्या सुईने पाडलेली भोकं पुरतात. डबी अर्थात रिकामी असताना पाडायची.

[दृश्य : डबीच्या समोरासमोरच्या भिंतींवरची भोकं. उदबत्तीचा धूर एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने वर निघतो. डबी रिकामी आहे.]

पण नुसती भोकं असून चालत नाही, ती कुठे आहेत हे बघावं लागतं. हे मी एक पिल्लू गमावून शिकलो. झाकणावर गोल रांगोळीसारखी दहा-बारा भोकं पाडली होती, बाजूला एकही नाही. झाडावरचा कोळी म्हणजे दमट जंगलातला, असं डोक्यात बसलेलं, म्हणून रोज सकाळी पाणी फवारत होतो. काच आतून सतत धुरकट. मला वाटायचं, वा, काय छान ओल धरलीय. तिसऱ्या आठवड्यात पिल्लू जाळ्यातून खाली उतरलं आणि मातीवर पाय दुमडून बसलं. दुसऱ्या दिवशी गेलं.

पिंकटोची पिल्लं अशी अचानक जातात, असं पाळणारे पूर्वी फार बोलायचे. जणू जातच नाजूक. मला वाटतं, त्यातल्या बऱ्याच डब्या माझ्यासारख्याच कोंदट असणार. जंगल दमट असतं हे खरं, पण झाडाच्या शेंड्याकडे वारा असतो. ओल आणि खेळती हवा, दोन्ही एकदम. म्हणून भोकं समोरासमोरच्या भिंतींवर हवीत, एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर. हवा आत येते, तिरपी जाते आणि निघते. फवारलेलं पाणी काही तासांत वाळायला हवं. काच सकाळी धुरकट आणि संध्याकाळीही धुरकट असेल तर भोकं वाढवा.

झाकणाला लोखंडी जाळी असलेली खोकीही मिळतात. हवेला उत्तम, कोळ्याला वाईट. पायाच्या टोकाला बारीक नख्या असतात, त्या जाळीच्या छिद्रात अडकतात. उलटा लटकलेला कोळी सुटायला धडपडतो आणि कधीकधी पाय तिथेच तुटतो. कात टाकताना तो पाय पुन्हा फुटतो, पण म्हणून जाळी ठेवायची गरज नाही. ती काढून भोकं पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी बसवता येते.

[दृश्य : लिटरभराची बरणी. झाकण खाली, तळ वर.]

पिल्लू तीन-चार सेंटिमीटरचं झालं की डबी बदलायची आणि लिटरभराच्या बरणीत यायचं. ही बरणी उलटी का ठेवलीय, ते सांगतो.

कोळी जाळं विणतो ते सगळ्यात वर. बरणी सुलटी असेल तर सगळ्यात वर झाकणच असतं. तो घर बांधतो झाकणाला आणि दर आठवड्याला खाऊ टाकताना आपण त्याचं घर उचकटतो. तो पुन्हा विणतो, आपण पुन्हा फाडतो. एखाद्या दिवशी फाटलेल्या नळीतून तो थेट बाहेर येतो. माझ्या एका पिंकटोने बरणीच्या काठावरून माझ्या मनगटावर उडी घेतली होती. चावली नाही. तिथून कोपरापर्यंत गेली, एक पांढरी पिचकारी मारली आणि बसून राहिली. या जातीची विष्ठा अशीच लांब उडते, खोक्याच्या काचेवर दिसणारे पांढरे ओघळ तिचेच.

बरणी उलटी केली की झाकण तळाशी जातं. माती झाकणात, घर वर, दार खाली. साफसफाई आणि खाऊ खालून. वरची मालकीण जागची हलत नाही.

मोठ्या खोक्यालाही हेच लागू. दार पुढे, उंचीच्या मध्यावर किंवा त्याखाली. साल आणि पानं मागच्या कोपऱ्यात दाटीने लावायची, दाराची बाजू मोकळी ठेवायची. जिथे धागा अडकवायला आधार जास्त, तिथे ती विणते. तरीही एखादी हट्टाने दारावरच विणते, मग आपण बाजूने हात घालायचा. कॉर्कच्या सालीचा पोकळ नळा उभा ठेवला तर तो ढोलीचं काम करतो. मला तो सगळ्यात आवडतो, कारण पुढे खोकं बदलताना कोळीण आत असतानाच अख्खा नळा उचलून नेता येतो.

[दृश्य : मातीत अर्धवट पुरलेली साल. तिच्या बुडाशी मातीचे कण विणून केलेला पडदा.]

सगळेच जन्मापासून वर चढत नाहीत. हे पोसिलोथेरियाचं पिल्लू, भारत आणि श्रीलंकेतली जात. झाडावरची म्हणून उंच डबीत ठेवलं तर त्याने सरळ माती खणायला घेतली. साल्मोपियस या झाडावरच्याच दुसऱ्या जातीची पिल्लंही असंच करतात. यात काही चुकलेलं नाही. अशा पिल्लांना मातीचा थर जाड द्यायचा, साल थेट मातीत रोवायची. मोठी होतील तशी तीच सालीमागून वर सरकतील.

बऱ्याच टॅरँट्युलांच्या अंगावर असतात तसे खाज आणणारे केस या दोन्ही जातींना नसतात. त्यांचा भरवसा वेगावर आणि विषावर. पोसिलोथेरिया चावली तर स्नायूंत वाईट गोळे येतात, तेही कधी दिवसांच्या अंतराने परत. म्हणून त्यांच्या खोक्याला लपायची जागा आधी आणि शोभा नंतर. लपायला मिळालं की ती पळत येत नाही, आत पळते. पोसिलोथेरियाचे सगळे प्रकार २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेले, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला कागदपत्रं लागतात. जंगलातून धरलेली तर घेऊच नये, आणि आपल्या देशाचा कायदा आधी बघावा.

[दृश्य : नळीचं तोंड जाळ्याने बंद झालेलं.]

खोकं बदलायचं कधी? पाय पसरून बसल्यावर दोन्हीकडच्या भिंतींना टेकायला लागली की वेळ झाली. पण तेव्हा ती खात नसेल, पोट फुगून काळवंडलं असेल, नळीचं तोंड विणून बंद केलं असेल, तर हात लावायचा नाही. कात येतेय. आत सुटा रातकिडा असेल तर तो मात्र काढून घ्यायचा, मऊ पडलेल्या कोळ्याला तो कुरतडू शकतो. कात पडली तरी लगेच घाई नको. दात आधी पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे झाले की अंग घट्ट झालं.

नर एखाद्या कातीनंतर खाणं सोडतो, तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं फुगतात आणि तो रात्रभर काचेवर फिरत राहतो. त्याला जागा कमी पडत नाहीये, तो मादी शोधतोय. बहुतेकदा ती त्याची शेवटची कात असते. त्याला नवं खोकं घेऊ नका.

[दृश्य : मोठं खोकं. आत, साली शेजारी, जुनी बरणी आडवी ठेवलेली. झाकण उघडं.]

आणि ही आपली पिंकटो, परवाची. ब्रशने ढकलणं, पेल्याखाली पकडणं, सगळं करता येतं. पण घाई नसेल तर मी जुनी बरणी उघडून नव्या खोक्यात तशीच ठेवतो आणि दार लावून घेतो. पहिल्या रात्री ती बाहेर आलीच नाही. दुसऱ्या रात्री दोन गुलाबी शेंडे बरणीच्या काठावर आले, काच चाचपली आणि परत आत. तिसऱ्या रात्री मी दहा वाजता झोपलो.

सकाळी बरणी रिकामी होती. वरच्या मागच्या कोपऱ्यात, पानाच्या आड, बोटभर पांढरं जाळं.